दोर धरला, तर तसं लिहायचं

(शाळेच्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शिखर सर करताना’ असं छापलंय. आपल्या ग्रुपवर माझा कड्यावरचा फोटो आला होता, त्यावरून हे शीर्षक सुचलं असणार. पण मी कुठलंही शिखर सर केलेलं नाही. मी एका कड्यावर चढले, आणि तो कडा जिथे संपतो तिथे शिखर नाही, नुसती झाडी आहे. वर झेंडा लावायलाही जागा नाही. शिवाय त्या चढाईत एका ठिकाणी मी दगड सोडून दोराला लटकून पलीकडे गेले. मला बोलायचंय ते मुख्यतः त्या एका ठिकाणाबद्दल.

आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माय, कायला चढायलीस तिथं? वर काय ठिवलंय?” पंचेचाळिशीतल्या बाईला विचारायला हा अगदी योग्य प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. म्हणून आधी दगडापासून सुरुवात करते, ते सोपं आहे.

आपण काळ्या दगडाची माणसं. घराच्या जोत्याला, विहिरीच्या कडेला, कयाधूच्या पात्रात जो दगड आपण बघत आलो तो बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि लवकर थंड झाला. म्हणून त्याचे कण बारीक. आपलं कापसाचं काळं रान म्हणजे याच दगडाची झीज. ग्रॅनाइटचं उलट आहे. तो जमिनीखालीच राहतो, लाखो वर्षं सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे कण साखरेसारखे, काही ठिकाणी खडीसाखरेसारखे मोठे दिसतात. आपल्याकडून हैदराबादला जाताना देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात काळा दगड संपतो आणि करडे, गुलाबी, एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोल धोंडे सुरू होतात. तो ग्रॅनाइट. लहानपणी मला वाटायचं की ते कुणीतरी रचून ठेवलेत.

आणि तो आपल्यापासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते ना? आपण नववीत होतो. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि किल्लारीला भूकंप झाला. आपल्याकडेही भांडी वाजली, आणि पुढे कितीतरी रात्री आपण अंगणात झोपलो. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ खोल भोक पाडून पाहिलं, तर साधारण ३४० मीटर काळ्या दगडाखाली ग्रॅनाइटच लागला. म्हणजे मराठवाड्याच्या अंगावरची काळी गोधडी उचलली की खाली ग्रॅनाइट आहे. मी अमेरिकेत जाऊन त्याच्यावर चढले एवढंच.

चढायला मात्र शिकले पुण्यात. इंजिनिअरिंग करून नोकरीला लागले, आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत जाणाऱ्या एका मंडळींच्या मागे लागले. खंडाळ्याची नागफणी, तैलबैल्याची भिंत, जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका, ही नावं मी त्या काळात शिकले. मराठीत या प्रकाराला प्रस्तरारोहण म्हणतात. शब्द अवघड आहे, काम सोपं आहे. दोघांनी एकाच दोराच्या दोन टोकांना स्वतःला बांधायचं. एकाने वर जायचं, दुसऱ्याने खालून त्याचा दोर सांभाळायचा. वर जाणारा अधूनमधून दगडात काहीतरी अडकवतो आणि त्यातून दोर ओवतो. तो पडला, तर शेवटच्या अडकवणीच्या जितका वर असेल तितका तिच्या खाली येतो, आणि दोर त्याला धरतो. एका दोराइतकं अंतर झालं की तो थांबतो, स्वतःला पक्कं बांधतो आणि दुसऱ्याला वर घेतो. हा एक टप्पा. असे चार, आठ, पंधरा टप्पे.

यात दोन पद्धती आहेत. एकीत हात-पाय फक्त दगडावर ठेवायचे आणि दोर केवळ पडलो तर हवा म्हणून असतो. याला मुक्त आरोहण म्हणतात. दुसरीत दगडात ठोकलेली मेख किंवा दोरच धरून, त्याला शिडी लावून वर सरकायचं. ते कृत्रिम आरोहण. सह्याद्रीत दुसऱ्या पद्धतीला पर्याय नसतो अशा जागा पुष्कळ आहेत, कारण आपल्या दगडाचे थर सुटतात, भेगा भरवशाच्या नसतात आणि मधल्या पट्ट्यांत नुसतं गवत. जुन्या मंडळींनी मेखा आणि बोल्ट ठोकत वाटा काढल्या, त्यांवरून पुढची पिढी गेली. मला शिकवलेली पहिली गोष्ट ही होती की आधी कुणी ठोकलेल्या मेखेवर भार टाकण्याआधी तिच्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, तर ठोकणारा कितीही मोठा असो, विश्वास ठेवायचा नाही.

पुढे लग्न, मुलं, कॅलिफोर्निया. दहा-बारा वर्षं दोराला हात लावला नाही. मुलं आपापली आवरायला लागली तेव्हा ऑफिसजवळच्या कृत्रिम भिंतीवर जायला लागले. तिथे एक सांगलीची मैत्रीण भेटली. तिचं पहिलं वाक्य होतं, “तुमचा पाय चांगला आहे, हात वाईट आहेत.” तेव्हापासून आम्ही एका दोराच्या दोन टोकांना आहोत.

आमच्या घरापासून चार तासांवर योसेमिटी नावाची दरी आहे. हिमनद्यांनी कोरलेली, दोन्ही बाजूंना उभे ग्रॅनाइटचे कडे, काही तर तीन हजार फुटांचे. त्यातल्या एका कड्याचं नाव रॉयल आर्चेस. ग्रॅनाइट जमिनीखाली प्रचंड दाबाखाली तयार होतो. वरचं ओझं झिजून गेलं की तो फुगतो आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे त्याचे थर सुटतात. तसे थर सुटून तिथे एकात एक अशा भल्यामोठ्या कमानी तयार झाल्या आहेत. त्यांच्या बाजूने एक वाट वर जाते, पंधरा-सोळा टप्प्यांची. १९३६ मध्ये केन अ‍ॅडम, मॉर्गन हॅरिस आणि केनेथ डेव्हिस या तिघांनी ती पहिल्यांदा पार केली. त्यांच्याकडे नैसर्गिक धाग्यांचे दोर आणि लोखंडी मेखा होत्या, आणि वरच्या भागात एके जागी पूल म्हणून एक आडवं कुजकं झाड. ते झाड पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चढणाऱ्यांनी वापरलं आणि १९८४ मध्ये ते पडलं. आता तिथून बाजूने जावं लागतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी ती वाट चढलो. पहाटे कपाळावर दिवे लावून निघालो. अवानी नावाचं जुनं हॉटेल आहे, त्याच्या मागच्या झाडीतून कड्याच्या पायथ्याशी जायला फार वेळ लागत नाही. पहिला टप्पा म्हणजे दगडातली एक अरुंद घळ. दोन्ही भिंतींना पाठ आणि पाय रेटून, विहिरीत उतरणारे उतरतात तसं, पण उलटं, वर जायचं. त्यानंतर काही भाग चालण्यासारखा, काही भाग भेगेत हात घालून चढण्यासारखा.

ग्रॅनाइटमध्ये मेख ठोकावी लागत नाही, हे तिथलं मोठं सुख. ठोकून ठोकून तिथल्या भेगा खराब व्हायला लागल्या, म्हणून १९७० च्या दशकात तिथल्या लोकांनी ठरवलं की जे अडकवायचं ते हाताने अडकवू आणि हातानेच काढून नेऊ. आता वापरतात त्या कॅम नावाच्या वस्तूत गणित आहे, म्हणून सरांसाठी सांगते. तिच्या चार पाकळ्या एका विशिष्ट वक्राकार असतात. त्या वक्राला लॉगरिथमिक सर्पिल म्हणतात. या वक्राचा गुण असा की पाकळी कितीही उघडली तरी दगडाला ती एकाच कोनात टेकते, साधारण चौदा अंशांत. त्यामुळे भेग रुंद असो की अरुंद, खाली जितका भार पडेल त्याच्या साधारण दुप्पट रेटा ती दोन्ही बाजूंना देते. जितकं जोरात पडाल तितकी ती घट्ट बसते. सर, ‘हे लॉगरिदम पुढे कुठे कामाला येणार?’ असं मी तुम्हाला भर वर्गात विचारलं होतं. इथे आलं. माझं सगळं वजन त्याच्यावर होतं.

साधारण दहाव्या टप्प्याला ती जागा येते. इथवर भेग सोबत असते, आणि इथे ती संपते. पुढचा कट्टा डावीकडे वीस-पंचवीस फुटांवर दिसतो, आणि मधे नुसता गुळगुळीत, तिरपा दगड. बोटाला काही लागत नाही. खाली आठ-नऊशे फूट. चांगले चढणारे तिथून मुक्त जातात, पण तो भाग बाकीच्या वाटेपेक्षा पुष्कळ कठीण आहे. बाकीचे सगळे १९३६ पासून जे करत आले तेच करतात. वर बोल्ट आहेत, त्यांना एक दोर कायमचा बांधलेला असतो. तो धरायचा, दगडावरून उजवीकडे पळत जायचं, आणि मग लंबकासारखं डावीकडे झोकून द्यायचं.

आम्ही आधी तो दोर तपासला. कुणी बांधला, कधी बांधला, किती उन्हाळे-हिवाळे त्याने बघितले, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वरचं आवरण फिकं पडलं होतं, एका जागी तंतू सुटले होते. मैत्रीण म्हणाली, “हा धरायचा, पण ह्याच्या भरवशावर जायचं नाही.” म्हणून आमचा स्वतःचा दोर बोल्टमधून ओवला आणि तिने तो सांभाळला. जुना तुटला तर आपला आहे, आपला निसटला तर जुना आहे.

साध्या दोलकाचा आवर्तकाल गोलकाच्या वजनावर अवलंबून नसतो, हे आपण शाळेत घोकलंय. दहा मीटर दोराला एक पूर्ण झोका साधारण सव्वासहा सेकंदांचा. मी वजनाची चिंता सोडली ती या नियमामुळे. पहिल्या झोक्यात हात कट्ट्याला पोचला नाही, मी परत आले. दुसऱ्यात नुसती बोटं लागली. तिसऱ्या वेळी उजवीकडे आणखी लांब पळत गेले, मग सगळं अंग डावीकडे टाकलं आणि कट्ट्याची कड हाताला आली. गुडघा घासून रक्त निघालं होतं ते नंतर कळलं. त्या सहा सेकंदांत मला ना मुलं आठवली ना देव. फक्त ती दगडाची कड दिसत होती. आईच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित एवढंच आहे.

उरलेले टप्पे सोपे होते. शेवटी पाइनच्या सुयांनी भरलेला एक निसरडा उतार आडवा ओलांडायचा, आणि मग झाडी. सोपं आहे म्हणून तिथे लोकांचं लक्ष उडतं, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून तिथेही दोर सोडला नाही. दुपार कलली होती. आम्ही वर वीस मिनिटं बसलो, चिक्की खाल्ली आणि उतरायला लागलो.

आपल्याकडे परतीचे दोर कापण्याचं फार कौतुक आहे. सिंहगडावर ते कौतुक योग्यच होतं. पण चढणाऱ्या माणसाचा पहिला विचार परतीचा असतो. खूप अपघात उतरताना होतात, कारण माणूस दमलेला असतो आणि मनाने घरी पोचलेला असतो. म्हणून दर वेळी दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारायची, म्हणजे अंधारात दोर संपला तर तुम्ही त्याच्या टोकावरून निसटत नाही. दर वेळी एकमेकींची गाठ बघायची. पंधरा-सोळा वेळा तेच तेच, कंटाळा न करता. पायथ्याशी पोचलो तेव्हा पूर्ण अंधार झाला होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. या वाटेची काठिण्यपातळी तिथल्या पुस्तकांत ‘५.७ ए०’ अशी लिहितात. पहिल्या आकड्याचा अर्थ असा की हात-पाय वापरून जिथे चढायचं, तिथे ही वाट इतपत कठीण आहे. ‘ए०’ चा अर्थ, एके ठिकाणी दोराचा आधार घेतला आहे. हे लिहिण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही आणि कुणी त्याचा टिळाही लावत नाही. जे केलं ते लिहिलं. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग असतो. ‘ए०’ लिहिलंच नाही, तर पुढचा माणूस त्या गुळगुळीत दगडापाशी येऊन स्वतःला नालायक समजेल. त्याला वाटेल, आधीचे सगळे इथून हाताने गेले, मलाच जमत नाही.

मला वाटतं, आपण आपल्या आयुष्याची वाट लिहिताना हा ‘ए०’ खोडून टाकतो. ग्रुपवर मला ‘स्वतःच्या बळावर पुढे गेलेली’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण ते खरं नाही. माझी वाट मी आज तुमच्यासमोर नीट लिहून काढते.

दहावीत सर संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्हा सहा-सात जणांना जादा गणित शिकवायचे, फी न घेता. पहिला ए०. अकरावी-बारावीला शास्त्र शाखा हवी होती, रोज येण्याजाण्याचा प्रश्न होता, तेव्हा नांदेडला मावशीने दोन वर्षं घरात ठेवलं. काकांच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात आम्ही सात माणसं. दुसरा ए०. १९९७ ला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो मुलींसाठीच्या तीस टक्के राखीव जागांतून. तिसरा. पहिल्याच आठवड्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, “तुम्ही काय, कोट्यातून आलात.” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि मी चार वर्षं ते मनात धरून अभ्यास केला. आज सुचतं. हो, एके ठिकाणी दोर धरला. बाकीचे पंधरा टप्पे मी चढले. आणि तुझ्या वाटेवरचा दोर तुला दिसत नाही, कारण तो तुझ्या घरातच बांधलेला होता.

ही यादी मी कृतज्ञता म्हणून वाचत नाही. कृतज्ञता आहेच. यादी वाचते ती आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीसाठी. तिचं नाव घेत नाही. ती आज इथे बसली आहे आणि तिला विचारूनच मी हे बोलते आहे. आपल्या तुकडीत एकोणीस मुली होतो. भूमितीत ती माझ्या पुढे होती, हे सरांना माहीत आहे. मी जो रायडर तास-तास घेऊन बसायचे, तो ती दोन ओळींत सोडवायची. दहावीला तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. तिला नांदेडला मावशी नव्हती. रोज गाडीने जाऊन परत यायचं, तर शेवटची गाडी चुकली की काय, याचं उत्तर तिच्या घरी कुणाकडे नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

गेल्या महिन्यात मी तिला फोन करून विचारलं, तुझ्याबद्दल सांगू का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सांग. दोर नव्हता असं सांग. पण मी पडले असं सांगू नकोस.” ती पडलेली नाही. तिने सासरच्या हळदीचा व्यवहार हातात घेतला, वसमतच्या बाजारात स्वतः उभी राहून सौदे केले, दोन मुलं शिकवली. तिने दुसरी वाट काढली, तीही काही सोपी नव्हती. पण त्या एका ठिकाणी, जिथे भेग संपते आणि पुढचा कट्टा वीस फुटांवर दिसत असतो, तिथे तिला मागे फिरावं लागलं. तिथे तिच्यात काही कमी नव्हतं. तिथे बोल्ट नव्हता.

आज आपल्या शाळेत दहावीला ज्या मुली आहेत, त्यांतल्या काहींना दोन-तीन महिन्यांत हीच जागा लागणार आहे. काळ बदलला आहे, हे खरं. आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, स्टेशनात छोट्या रुळांची गाडी यायची, आणि औंढ्याजवळ गुरुत्वलहरी मोजणारी लायगो प्रयोगशाळा होणार असं कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्या उभारणीला मंजुरी दिली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला कंप मोजणारं यंत्र आपल्या जिल्ह्यात बसेल. पण त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गावातून अकरावीच्या वर्गापर्यंत एका मुलीला पोचवणं अजून अवघड आहे.

आपल्या तुकडीने शाळेला काहीतरी द्यावं असं ठरतं आहे. कमान, पाण्याची टाकी, डिजिटल वर्ग, अशा सूचना आल्या आहेत. सगळ्या चांगल्या आहेत. मी माझी सूचना मांडते, आणि ती पूर्णपणे त्या दहाव्या टप्प्यावरून घेतली आहे.

एक. दोर जिथे भेग संपते तिथे बांधावा, जिथे फोटो चांगला येतो तिथे नाही. आपल्या बाबतीत ती जागा म्हणजे दहावी ते बारावीची दोन वर्षं. राहण्याची सोय आणि प्रवास. त्यापुढे शिष्यवृत्त्या आहेत, कर्ज आहे. या दोन वर्षांत आधार कमी पडतो. दरवर्षी पाच मुली ठरवू. त्यांची शहरातली खोली, एक विश्वासू बाई, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च.

दोन. तो दोर कुणी बांधला हे लिहिलेलं नसावं. योसेमिटीतला तो दोर कुणाचा आहे हे मला आजही माहीत नाही, आणि मला तो धरताना कुणाचे आभार मानावे लागले नाहीत. आपल्या मुलींना स्टेजवर बोलावून पाकीट देऊ नये. घेणारीला वाकावं लागलं, तर तो आधार उरत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बांधलेला दोर दरवर्षी तपासावा लागतो. ऊन-पावसाने तो आतून कुजतो आणि बाहेरून तसाच दिसतो. पहिल्या वर्षी सगळे पैसे देतील. तिसऱ्या वर्षी अर्धे विसरतील. आणि चौथ्या वर्षी एखादी मुलगी त्याच्या भरवशावर झोकून देईल, तेव्हा तो तुटेल. अर्धवट आधार हा आधार नसण्यापेक्षा वाईट, कारण तिने त्याच्यावर भार टाकलेला असतो. म्हणून जितकी वर्षं नक्की निभवता येईल तितकंच कबूल करू. पाच मुली जमत नसतील तर दोन घेऊ, पण त्या दोघींची दोन्ही वर्षं पूर्ण करू. त्या पैशांचा हिशेब मी ठेवते. सॉफ्टवेअरमध्ये तेवीस वर्षं काढली आहेत, एवढा तक्ता मला येतो. आणि तो तपासायला मी आपल्या त्याच मैत्रिणीला विनंती केली आहे. ती आकड्यांना माझ्यापेक्षा कडक आहे, हे बाजारातल्या व्यापाऱ्यांना विचारा. तिने हो म्हटलं आहे.

सर, बाई, तुम्ही ओट्यावर शिकवत होता तेव्हा त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये झाली नाही. आज या स्मरणिकेत ती व्हावी, म्हणून मी हे भाषण लेखी आणलं आहे.

जेवणाच्या मंडपाबाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तीत रक्कम लिहिण्याआधी वर्षं लिहा. किती वर्षं देणार ते. ज्यांना एकच वर्ष जमेल त्यांनी एक लिहा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त लिहिलंत तेवढं खरं असू द्या.